हाल्व्हरचा आकडा

अर्व्हिडचा फोन अजून गुंतलेलाच होता. हिल्माने रिसीव्हर ठेवला, घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा उचलला. सात वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

सोळा वर्षांत असं एकदाही घडलं नव्हतं. सकाळी सातला दोघांनी आपापल्या अंगणातला तापमापक वाचायचा. मग अर्व्हिडने फोन करून आपल्या गावचा, हाल्व्हरचा आकडा सांगायचा, हिल्माने आपल्या कोर्पीलेकचा, आणि दोन्ही तिच्या वहीत चढायचे. ती मिनेसोटाच्या जंगलात तळ्याकाठी राहणारी, तो तीनशे मैलांवर नॉर्थ डकोटाच्या उघड्या माळावर. हवामानाच्या नोंदी ठेवणाऱ्या हौशी मंडळींच्या मेळाव्यात दोघांची पहिली भेट झाली आणि तिथेच जुंपली. कुणाचं गाव माणसाला जास्त छळतं?

भांडण काही मिटलं नाही. जानेवारीत पारा त्याच्याकडे जास्त उतरायचा, पण बर्फ तिच्याकडे कमरेच्या वर साचायचं. एप्रिलात त्याची काळी जमीन उघडी पडायची, तेव्हा तिचं तळं अजून गोठलेलंच असायचं. जुलैत तो उन्हात भाजून निघायचा आणि तिला डास उभं राहू द्यायचे नाहीत. "तुमच्याकडे वारा नाही, म्हणजे ती थंडी नव्हेच," असं तो म्हणायचा. "तुमच्याकडे झाड नाही, म्हणजे ते गावच नव्हे," असं ती.

अर्व्हिडला हृदयविकाराचे दोन झटके येऊन गेले, तेव्हापासून मात्र हे भांडण नावापुरतं उरलं होतं. सातचा फोन आला, की एकटा राहणारा म्हातारा अजून धड आहे, एवढं तिला कळायचं. आकड्यात काही काळंबेरं वाटलं, की दुसऱ्याने लगेच मदत धाडायची, असं दोघांनी ठरवून टाकलं होतं.

आणि आज आकडाच नव्हता.

पावणेसातपासून ती फोनशेजारी बसून होती. मध्ये डोळा लागला असेल तर क्षणभरच. कॉफी गार होऊन गेली होती. तिने पुन्हा नंबर फिरवला. गुंतलेला. पडला असेल, तिला वाटलं. फोन करता करता पडला असेल आणि रिसीव्हर लोंबत असेल. तिने हाल्व्हरच्या पोलिसप्रमुखाची, शेरीफची कचेरी लावली.

"अर्व्हिड टेलेन," ती म्हणाली. "धान्याच्या कोठारामागचं पिवळं घर. कुणाला तरी ताबडतोब पाठवा."

"बाई, वादळ आत्ता कुठे ओसरलंय," पलीकडची बाई म्हणाली. "रस्ते बंद आहेत. बर्फ काढायची गाडी पुढे घालूनच माणूस निघेल. अर्धा तास तरी लागेल."

"अर्ध्या तासात माणूस मरतो!"

"फोन गुंतलाय म्हणता ना? बोलत असेल कुणाशी तरी."

"या वेळी तो माझ्याशीच बोलतो."

"अहो, जरा सावकाश बोला. तुमचे शब्दच कळत नाहीयेत."

"रडतेय मी, म्हणून," हिल्मा म्हणाली आणि फोन ठेवला.

काळजीने तिचं डोकं ठणकायला लागलं होतं. तीन दिवस वादळ घुमत होतं. काल वीज गेली तेव्हा जिन्याजवळच्या, धोक्याची घंटा वाजवणाऱ्या डबीतल्या बॅटऱ्या काढून तिने रेडिओत घातल्या होत्या आणि रात्रभर बातम्या ऐकल्या होत्या. सकाळी उठून पश्चिमेच्या भिंतीलगतचं बर्फ आधी उपसायचं, हा तिचा नेम. आज ते खिडकीच्या वर चढलं होतं, पण अर्व्हिडपायी तेही राहिलं. पहाटे वीज परत आल्यापासून तळघरात घर तापवणारी भट्टी घुरघुरत होती. दिवाणखान्यातल्या भिंतीवरचा काटा एकाहत्तर फॅरनहाइटवर होता, घर छान उबदार होतं. तेवढं तरी बरं होतं.

"मुस्ती," तिने मांजरीला हाक मारली. मुस्ती तळघराच्या दारापाशी अंग टाकून पडली होती. तिने कानही हलवला नाही.

हिल्माने वही मांडीवर घेतली. आकडा आल्याशिवाय ती उघडायची नाही, म्हणून मिटलेलीच छातीशी धरली. पेन्सिल शोधली. कुठे ठेवली होती कोण जाणे. उठून बघावं म्हटलं, तर गुडघ्यांत जोरच उरला नव्हता. म्हातारपणाला शिव्या घालत ती परत बसली. हाल्व्हरची माणसं आता पोचली असतील का? त्याला एकट्याला तिथे राहू द्यायला नको होतं. आग्रह करून इकडे बोलवायला हवं होतं. निदान भांडायला समोर तरी असता.

दार धाडकन उघडलं. शेजारचा रायनो केटोला आत घुसला. गावच्या अग्निशमन दलाचा कोट अंगावर, तोंडावर मुखवटा. काही न विचारता त्याने तिच्या काखेत हात घातला आणि तिला फरफटत बाहेर ओसरीवर आणलं. गार वारा थोबाडीत बसला. त्याने तिच्या नाकावर प्राणवायूची नळी धरली, परत आत गेला आणि मांजरीला कोटात गुंडाळून घेऊन आला.

"मला काय झालंय?" हिल्मा ओरडली, पण आवाज जेमतेम फुटला. "अर्व्हिडकडे जा! तो पडलाय तिकडे!"

"गप पडा, हिल्माबाई. श्वास घ्या, खोल." रायनोने मुखवटा वर केला. "पश्चिमेच्या भिंतीतला, भट्टीचा धूर बाहेर सोडणारा नळ बर्फाने पार बुजलाय. बिनवासाचा विषारी वायू घरभर भरलाय. अजून थोडा वेळ गेला असता, तर मी तुम्हाला पांघरुणातच उचललं असतं."

"पण अर्व्हिड…"

"ठणठणीत आहे. त्यानेच तर आमच्या जिल्ह्याच्या साऱ्या कचेऱ्या फोनवर हलवून सोडल्यात. सातला तुमच्याशी बोलला म्हणे. तुमचा आकडा ऐकला आणि त्याची पाचावर धारण बसली."

"खोटं! आज त्याचा फोनच आला नाही!"

तिच्या छातीशी अजून वही होती. तिने ती उघडली. हरवलेली पेन्सिल पानांतून घरंगळत बर्फात पडली.

आजच्या तारखेपुढे, तिच्याच हाताने, ओळ सोडून खाली घसरलेली अक्षरं होती: हाल्व्हर उणे एकतीस, कोर्पीलेक अधिक एकाहत्तर.