हात मागे

टेबलावरच्या आगगाडीचा शेवटचा डबा वळणावर पुन्हा रुळावरून घसरला आणि बोटभर उंचीच्या स्टेशनापाशी आडवा झाला. अप्पांनी तो चिमटीत धरला, पण चाकं काही केल्या रुळावर बसेनात. हातांना सुटलेला कंप आता लपवताही येत नव्हता.

"अगं, जरा इकडे ये," त्यांनी माहेरपणाला आलेल्या लेकीला हाक मारली. दातांची डॉक्टर ती. दिवसभर लोकांच्या दाढा कोरणारा तिचा हात जराही हलायचा नाही.

ती आली, पण अख्खी खोली अडवून बसलेल्या त्या टेबलापासून दोन पावलं अलीकडेच थांबली. बोगदा, भुशाचं गवत, काडेपेटीच्या पुठ्ठ्याचा सिग्नल, सगळं तिने डोळे भरून पाहिलं. "किती सुंदर केलंय हो, अप्पा!"

"बघत काय बसलीस? तो डबा उचल आणि बसव रुळावर."

"मी?" ती हसली. "नको बाई, माझ्या हातून काहीतरी मोडायचं. तुम्हीच बसवा, मी बघते."

तेव्हा कुठे त्यांचं लक्ष गेलं. तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले होते. लहानपणी या खोलीच्या उंबऱ्यावरच ते तिला दरडावायचे, "हात मागे! लांबून बघायचं." चाळिशी उलटली, तरी पोरीने ती शिस्त मोडली नव्हती.

"राहू दे," ते कसंबसं म्हणाले आणि आपले थरथरणारे हात त्यांनीही पाठीमागे नेले. इंजिन उरलेले डबे घेऊन फिरत राहिलं. बापलेक शेजारी उभे राहून लांबूनच बघत राहिले.