पावाची फळी

गल्लीच्या तळाशी ऊन पोचलं की खदूजा गच्चीवर येऊन टोमणे मारायला लागायची. समोरच्या गच्चीवरून यमीना ते व्याजासकट परत करायची. खाली यमीनाच्या दाराशी पहाऱ्यावर उभा असलेला बेलकासेम सगळं ऐकायचा आणि आपल्या बुटांकडे पाहत राहायचा.

अल्जीअर्सच्या त्या जुन्या वस्तीत गच्च्या बायकांच्या. पुरुषाने वर चढायचं तर नाहीच, खालून मान वर करून पाहायचंही नाही. बेलकासेमने लहानपणी एकदा पाहिलं होतं. आईची चप्पल त्याला अजून आठवत होती.

यमीनाला साथीचा ताप होता. घरात ती एकटीच, गच्चीवरच्या खोलीत पडून असे. दारावर चुन्याची फुली होती: आत कुणी जायचं नाही, आणि गेलं तर साथ संपेपर्यंत बाहेर यायचं नाही. नगरपालिकेचा पाव उंबऱ्यावर येई. चोरबा, म्हणजे गरम सूप, मात्र वरून येई. दोन्ही घरांचे वरचे मजले एकमेकांवर इतके झुकलेले, की खदूजा पावाची कणीक ज्या लांब फळीवरून भट्टीवर पाठवायची ती फळी या कठड्यावरून त्या कठड्यावर टाकी आणि चोरब्याचं भांडं झाडूने पलीकडे ढकली. एकमेकींशी मात्र त्या बोलत नसत. यमीनाने कुठल्याशा लग्नासाठी खदूजाचं कुसकुस वाफवायचं तांब्याचं भांडं नेलं होतं आणि पोचा पाडून परत केलं होतं. तेव्हापासून दोघी जे काही बोलत ते कठड्यावरच्या मांजराशी.

"मांजरा, विचार तिला," आज खदूजा म्हणाली, "पोचा पाडणाऱ्या हातांना आज भांडं उचलवत नाही का म्हणावं."

उत्तर आलं नाही.

खदूजाने मग यमीनाच्या नाकाचा विषय काढला. नाकावरून ती स्वयंपाकावर आली, स्वयंपाकावरून माहेरावर. शेवटी तिने मांजराला सांगितलं, की यमीनाच्या स्वतःच्या लग्नातलं कुसकुस कच्चं होतं, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, फक्त कुणी बोललं नाही. हे ऐकून तर यमीना कबरीतून उठून आली असती, असं बेलकासेमच्या मनात आलं, आणि नेमकी कबरच कशी आठवली म्हणून तो स्वतःवरच चिडला.

वर कठड्यावर झाडू दोनदा आपटला.

"यमीना," खदूजा म्हणाली. मांजराला मध्ये न घेता.

मग फळी करकरली आणि बेलकासेमच्या टोपीवर वाळलेल्या पिठाचे पापुद्रे पडले.

फळीची सावली गल्लीत उन्हावर आडवी पडलेली होती. तिच्या एका टोकाला आता आणखी एक सावली चढत होती, चांगली थोरली, चार पायांवर.

"मावशी, परत जा," बेलकासेम खाली बघूनच म्हणाला. "हुकूम आहे."

"कुणाशी बोलतोस रे?"

"बुटांशी."

"मग त्यांना सांग, गप्प बसा. आधीच माझे पाय कापतायत."

तेवढ्यात फेरीवर निघालेले सी मोख्तार गल्लीत वळले. बेलकासेमचे मुकादम. गेल्याच आठवड्यात त्यांनी एका पहारेकऱ्याला दाराशी नुसती डुलकी काढली म्हणून घरी बसवलं होतं. टोपीवर हे काय पडलंय, असं त्यांनी विचारलं. पीठ, असं बेलकासेमने सांगितलं. वर काय चाललंय, असं त्यांनी विचारलं.

"पाहिलं नाही, साहेब. वर बायका आहेत."

सी मोख्तारांची मान निम्मी वर गेली होती. ती तिथेच थांबली आणि हळूहळू खाली आली. त्यांनाही कुठलीशी चप्पल आठवली असावी.

मधोमध येऊन सावली थांबली. तिच्या पुढे एक छोटी गोल सावली होती, चोरब्याच्या भांड्याची. वरून एकदा अल्लाचं नाव येई, एकदा यमीनाच्या माहेराचं. फळी वाकल्याचं दोघांनीही जमिनीवर पाहिलं.

सी मोख्तारांनी खांद्यावरचा बुरनूस, लोकरीचा घोळदार झगा, काढला. ईदला आणि मोठ्या साहेबांपुढे घालायचा, बिनडागाचा. त्याची दोन टोकं त्यांनी बेलकासेमच्या हातात दिली आणि दोन स्वतः धरली. माना खाली घालून दोघेजण फळीखाली तो ताणून उभे राहिले.

"डावीकडे घे जरा," सी मोख्तार म्हणाले.

"साहेब, तुम्ही वर पाहिलंत?"

"सावली पाहिली. रुंद आहे."

सावली हलली, बुरनुसावरून कशीबशी सरकत गेली आणि पलीकडच्या भिंतीच्या सावलीत मिसळली. वर धप्पकन आवाज झाला, मातीचं काहीतरी, बहुधा कुंडी, फुटलं. पावलं खोलीत गेली. नंतर काहीच नाही. दोघांचे हात भरून आले, पण बुरनूस खाली घ्यायचं कुणी बोलेना. मांजर तेवढं एकदा ओरडलं. मग भांड्यावर चमचा वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला.

"मांजरा," वरून एक आवाज आला, इतका बारीक की दोघांनी श्वास रोखला. "सांग तिला. चोरब्यात मीठ नाही."

सी मोख्तारांनी बुरनूस खाली घेतला आणि उगाचच दोनदा झटकला. वर पुन्हा पावलं कठड्यापाशी आली. कुणीतरी फळी ओढून घेत होतं, यमीनाच्या बाजूला. सावली आखडत आखडत गेली आणि गल्लीत नुसतं ऊन उरलं.

"उद्यापासून या दाराला दोन पाव," सी मोख्तार म्हणाले.

"आणि मीठ," बेलकासेम बुटांना म्हणाला.