चांगोची मोर्चेबंदी

"कागद आपल्याला कलत नाय, साहेब. रेती आना. मी दावतो," चांगो म्हणाला.

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. तंबूबाहेरच्या टेबलावर नकाशा पसरला होता आणि तासाभरापासून ते चांगोला ओढे, खिंडी, टेकड्या विचारून बेजार झाले होते. "रेतीत काय दाखवणार तू?"

"लढाईचा खेल. कल्यानच्या क्यांपात गोरे साहेब खेलायचे तसा."

उल्हासनगर हे नाव पडायच्या आधी, महायुद्धात, तिथे पलटणींचा तळ होता. चांगो त्या तळावर रेती चाळायला होता. मोठ्या लाकडी खोक्यात रेतीचे डोंगर करायचे, त्यात निळ्या दोऱ्याची नदी आणि काड्यांची पलटण. एक साहेब घड्याळ धरून पंच व्हायचा, फासा टाकून कोण मेलं ते ठरायचं. सरावाला बदलापूरच्या वरचा मुलूख घेत. त्यात चांगोचा पाडाही असे, एक रिकामी काडेपेटी. दर खेळात ती पेटी पहिल्या घटकेलाच उचलून बाजूला टाकत. हा पाडा राखता येत नाही, असं दुभाषा हसत सांगायचा. चांगो चाळणी हलवत ऐकायचा आणि आतल्या आत जळायचा. पण हमालाला कोण विचारतो?

बारा वर्षांनी विचारणारा भेटला होता. महिन्यापूर्वी खरवईच्या पलीकडे खाकी अर्ध्या चड्डीतले लोक आले. त्यांनी तंबू ठोकले, तिकाटण्यावर दुर्बीण लावली, टेकाडाटेकाडावर झेंड्या रोवल्या. बंदुका तेवढ्या दिसत नव्हत्या. "पेट्यांत असत्याल," असं चांगोनं बायकोला, पुतळीला, छातीठोकपणे सांगितलं होतं. पलटण पाहिलेला माणूस तो, पाड्यात त्याच्या शब्दाला वजन होतं.

साहेबांना गंमत वाटली. "बरं, कर."

चांगोच्या अंगात वारं शिरलं. ओढ्यातून पाट्या भरभरून त्यानं रेती आणून टेबलाशेजारी जमिनीवर ओतली, वर चिखल लिंपला. बघता बघता डोंगर उभे राहिले, ओढा वळणावळणानं उतरला. साहेब नकाशाशी ताडून बघत होते आणि दर वेळी मान डोलावत होते. आतल्या बाजूच्या उंचवट्यावर चांगोनं काडेपेटी ठेवली आणि दोनदा दाबून पक्की बसवली. आज काही झालं तरी पाडा पडू द्यायचा नाही.

"गुलाच्या काड्या शत्रूच्या. त्या तुमी घ्या. गुल मोडलेल्या माज्या."

साहेबांनी खालच्या अंगानं चाळीस काड्या ओढ्याकाठानं, दोन कातळांमधून आत, पार उंचवट्याच्या पायथ्यापर्यंत सरकवल्या. चांगोकडे वीसच होत्या. कारकून विष्णुपंत वही बाजूला ठेवून बघत उभे राहिले.

"आता कुठं अडवशील?" साहेबांनी विचारलं.

"हितं." चांगोनं काड्यांच्या मागे, त्या दोन कातळांमधल्या फटीवर बोट टेकवलं. "वीस मानसं बी नाय लागत. शत्रू आत आला का मागं निसता बांध घालायचा. पानीच आपली पलटन."

साहेब एकदम पुढे झुकले. "कातळ पक्का आहे? खाली माती नाही ना?"

"पहार मारा, पहार वाकंल. आज्यापासून बगतो."

"आणि आषाढात पाणी?"

"हत्ती बुडंल."

साहेब मुरलेला गडी आहे, चांगोला वाटलं, रणाची नाडी बरोबर धरतोय. त्यानं फटीत चिखलाचा बांध दाबला, अंगठ्यानं घोटून घेतला आणि वरून तांब्या ओतला. पाणी बांधाशी तुंबलं, पसरलं, काठाकाठानं चढलं. शत्रूच्या काड्या एकेक करून आडव्या झाल्या आणि तरंगू लागल्या. चाळीसच्या चाळीस. काडेपेटी कोरडी ठणठणीत.

"मेली! समदी मेली!" चांगो टाळ्या पिटत रेतीभोवती फिरला. बारा वर्षांचा सल निघाला होता. आज पुतळीला काय काय सांगू, असं त्याला झालं होतं.

"अजून ओत," साहेब म्हणाले.

बरोबरच होतं, पळत्या शत्रूलाही सोडायचं नसतं. चांगोनं दुसरा तांब्या ओतला, मग तिसरा. बांध तसूभर हलला नाही. पाणी उंचवट्याला भिडलं, वर चढलं आणि काडेपेटीही तरंगू लागली.

"खेल संपला, साहेब," चांगो जरा गोंधळून हसला. "मी जिकलो का नाय?"

"जिंकलास," साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि कारकुनाकडे वळून म्हणाले, "विष्णुपंत, लिहून घ्या. धरणाची भिंत याच जागी. आतला पाडा उठवावा लागेल."