कारण न सांगता

नियमाप्रमाणे शलाकाने तपासणी यंत्रावर बोट ठेवलं. फक्त घरमालकाला दिसणारा निकाल केशरबाईंनी एकेक अक्षर जुळवत वाचला : ‘यकृतात गाठ. उपचार न झाल्यास भाडेकरू कराराचे अकरा महिने जगणार नाही. खोली देऊ नये.’

“नाहीच ना, मावशी?” शलाका म्हणाली. “हे सातवं घर. कारण कुणीच सांगत नाही.”

केशरबाईंचं डोकं भणाणलं. सहा जणांनी हे वाचून मुकाट दार लावलं होतं!

“मेल्यांच्या जिभा झडल्या होत्या काय?” त्यांनी यंत्राची वायर उपटली. “पोरी, तुझ्या यकृतात गाठ आहे.”

शलाका मटकन पायरीवर बसली.

“बसतेस काय? ऊठ! बॅग खोलीत टाक आणि चल दवाखान्यात. सही संध्याकाळी केलीस तरी चालेल.”