बिनआवाजाचा पॉवर सप्लाय

बाबा गेल्यापासून त्यांच्या खोलीतला कंप्युटर आई दिवसभर चालू ठेवायची आणि खोलीचं दार लोटून घ्यायची. परवा त्याचा पॉवर सप्लाय जळला, आणि तिनं जेवणच सोडलं. "आधी तो चालू कर," एवढंच म्हणायची.

मी कॅबिनेट रिक्षात घालून मुरब्याहून बोईसरला नेलं.

"ताई, सस्तातला नका घेऊ, बाकीचं पण जाळेल," दुकानदार म्हणाला. "हा घ्या. पाच वर्षं वॉरंटी, आणि पंख्याचा आवाज तर अजिबात नाय. चालू हाय का बंद, कळणार पण नाय."

घरी येऊन सगळं जोडलं. पडदा उजळला. जेवायला बोलवायला मी खोलीचं दार उघडलं. आई बाहेरच उभी होती, दाराला कान लावून.

"पंख्याची घरघर अजून येत नाही गो. तुझे बाबा उठून कुठं गेले?"