बिनवासाचं पान

चहाच्या आधी आपल्या झाडावर फुंकर घालायची, असा त्या वॉर्डातला नेम होता. प्रत्येक खाटेशी रानपुदिन्याची एक कुंडी. श्वासातून आजार ओळखून झाड त्याच्यावर नेमकं तेल तयार करायचं, आणि रोग्याला तेच औषध मिळायचं. कुंदाताईंच्या फुप्फुसातल्या गाठीशी त्यांची कुंडी सात महिने झुंजत होती.

आज त्यांनी फुंकर घातली, पान चुरगळून नाकाशी धरलं. वासच नाही! रोज डोळ्यांतून पाणी काढणारा तेलाचा तो उग्र दर्प कुठे गेला?

"सिस्टर, झाड मेलं हो माझं! काल मी आधी चहा घेतला, माझंच चुकलं."

परेरा सिस्टरांनी कुंडी उचलली आणि शेजारच्या गणूकाकांपुढे धरली. काकांच्या छातीतले जंतू कुठल्याच औषधाला दाद देत नव्हते.

"काका, फुंका जरा."

काकांनी खोकत फुंकर घातली. दोन-चार मिनिटं काहीच झालं नाही. मग पानं शहारली, आणि असा दर्प सुटला की कुंदाताईंना आपल्या खाटेवर ठसका लागला.

"झाड ठणठणीत आहे, ताई." सिस्टरांनी कुंडी कुंदाताईंपुढे परत ठेवली. "तुमच्या श्वासात त्याला मारण्याजोगं काही सापडलंच नाही."

मघाशी चुरगळलेलं पान अजून कुंदाताईंच्या मुठीत होतं. त्यांनी ते नाकाशी नेलं आणि अगदी तळापासून श्वास घेतला.

कशाचाच वास आला नाही.