आठव्याला कुलूप

"मेलं, हे वजन पुन्हा आठव्या वेळीच अडलं!" कुंदाताई पुटपुटल्या. व्यायामशाळेत सगळ्यांच्याच दंडावर असलेला पट्टा शरीर तपासायचा आणि त्याला पुरे वाटलं की वजनाला कुलूप घालायचा. जेवणही तोच ठरवायचा. तीन महिने झाले, तरी अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला उचलून खुर्चीत बसवण्याइतकं बळ काही आलं नव्हतं.

"पनीर कमी खाल्लं असशील," शेजारची नलू म्हणाली.

"मोजून खाल्लंय गं!"

व्यायाम शिकवणारे मास्तर मान वर न करता बाजूची वजनं रचत राहिले.

कुंदाताईंनी पट्टा काढून त्यांच्या हातात ठेवला आणि कोपऱ्यातला, कुलूप नसलेला जुना डंबेल उचलला. अकराव्या वेळी हात थरथरून अर्ध्यातच थांबला.

"मास्तर, हे काय होतंय?"

"दमलात, ताई. तीन महिन्यांत पहिल्यांदा," मास्तर म्हणाले. "हा पट्टा कुणालाच दमू देत नाही, आणि दमल्याशिवाय बळ वाढत नाही. मला पहिल्यापासून माहीत होतं."